नऊ-वीसचा चंद्र

पौषातल्या संकष्टीला नऊ वाजून पाच मिनिटांनी चंद्र उगवला हे मला माहीत नव्हतं, असं महाविद्यालयाच्या पाच सदस्यीय समितीने एकमताने ठरवलेलं आहे. समितीच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. शिकलेली माणसं आहेत, तीन महिने राबली, आमच्या पंख्याला नावं ठेवली नाहीत. फक्त एवढंच, की त्या दिवशी मी उपास सोडला तेव्हा चंद्र खरोखर उगवलेला होता, तो उगवला आहे असं मला वाटत होतं, आणि तसं वाटायला माझ्याकडे चांगलं कारणही होतं. इतकं सगळं असून माहीत मात्र नव्हतं. हे कसं, ते कळायला माझ्या लेकीला सहा वर्षं लागली. तुम्हाला ते एका बैठकीत कळावं अशी गजाननाच्या चरणी प्रार्थना करून सांगते.

लेक म्हणजे श्रेया. परळच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान विभागात पीएच.डी. करते. विषय ‘ज्ञान, सत्य आणि योगायोग’. हा विषय ज्ञानमीमांसा नावाच्या शाखेत येतो. या शाखेतले लोक कोणाला काय माहीत आहे ते बघत नाहीत, माहीत असणं म्हणजे काय ते बघतात. त्यामुळे त्यांना बसस्टॉप कुठे आहे असं सहज विचारायची सोय नसते.

तिचे गाइड डॉ. यतीन तळपदे. गिरगावातलं जुनं घराणं, पणजोबांपासून सगळे हायकोर्टात. तळपदे सर प्रत्येक वाक्याआधी “असं म्हणता येईल की” म्हणतात. चहात साखर किती, या प्रश्नालासुद्धा. त्यांच्या शाखेत एक जुना तंटा आहे. समजा, बंद पडलेल्या घड्याळात चार वाजलेले दिसले, आणि नेमके तेव्हा खरंच चार वाजले होते. तर बघणाऱ्याला चार वाजल्याचं माहीत होतं की त्याचं नशीब चांगलं होतं? यावर जगभरचे विद्वान गेली साठेक वर्षं भांडत आहेत. पण भांडणातली सगळी उदाहरणं बसल्या जागी रचलेली. तळपदे सरांचं म्हणणं, “रचलेल्या उदाहरणावर मी सही करणार नाही. मला जिवंत माणूस हवा. मराठी असला तर उत्तम.”

सहीला शेवटची तारीख होती एकतीस मार्च. त्यानंतर श्रेयाची नोंदणी रद्द, म्हणजे सहा वर्षं पाण्यात. तिने बँकेतली कायमची नोकरी सोडून हे धरलं होतं. बँकेला अजून तिची आठवण यायची, निदान आम्हाला तरी यायची. मी माझ्या परीने अथर्वशीर्षाची रोजची एकवीस आवर्तनं चालू ठेवली होती. त्यांचा प्रबंधात उल्लेख नाही.

आता चंद्राचं. आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोर पूर्वेला चाळीस मजल्यांचा टॉवर झाल्यापासून संकष्टीचा चंद्र आम्हाला दिसतो तो जवळजवळ मध्यरात्री, तोही शिळा. म्हणून मी कॅलेंडरातली वेळ बघते. हे कॅलेंडर हिंदमाताजवळच्या एका साडीवाल्याने भाचीच्या डोहाळजेवणाच्या साडीवर फुकट दिलेलं. त्यात चंद्रोदय नऊ-वीस होता. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ-वीस झाले, मी चंद्राच्या दिशेला म्हणजे टॉवरच्या सोळाव्या मजल्याला अर्घ्य दिलं, आणि मोदक तोंडात घातला.

“आई, थांब,” श्रेया म्हणाली. तिच्या हातात मोबाइल होता.

मी थांबले.

“नाही, थांबू नकोस. खा.”

मी खाल्ला.

“तू आत्ता का खाल्लास?”

“चंद्र उगवला ना गं.”

“कशावरून?”

“कॅलेंडरात नऊ-वीस आहेत. घड्याळात नऊ-वीस वाजले.”

श्रेयाने मोबाइल बघितला, घड्याळ बघितलं, मग उठून कॅलेंडराच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं. चेहरा असा झाला की मला वाटलं नोकरीचं पत्र आलं. मला म्हणाली, “आई, तू जरा आत जाऊन भात बघ.” भात झाला होता. तरी मी आत जाऊन बघितला.

चाळीच्या खोलीत आवाज खाली केला की तो अधिक नीट ऐकू येतो. शिवाय मी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. लोकांची लग्नं जमताना ऐकली, मोडताना ऐकली, आणि ऐकलेलं ऐकलं नाही असं ठेवायची सवय अंगात भिनली. हे कोणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही.

“बाबा, घड्याळ पुढे कोणी केलं?”

“मीयाच केलंय,” आमचे हे म्हणाले. यांचं नाव दगडू, शिवडीच्या गोदामात मुकादम होते. “पंधरा मिनटां. तू रोज लेट जातंस म्हणान.”

“मग सांगायचं तरी.”

“सांगान पुढे केलेल्या घड्याळाचो उपेग काय?”

या प्रश्नाचं उत्तर श्रेयाच्या शाखेत अजून कोणी दिलेलं नाही असं ती नंतर म्हणाली. भानगड काय ते तिने यांना हळू आवाजात समजावलं, आणि मी भाताजवळून ऐकलं. साडीवाला मूळचा जामनगरचा, त्याने कॅलेंडर गावच्या छापखान्यात छापून घेतलेलं. जामनगर आपल्या पश्चिमेला, तिकडे चंद्र पंधरा मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे कॅलेंडर पंधरा मिनिटं चुकलेलं. आणि आमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. दोन चुका एकमेकींना परस्पर भेटल्या, त्यांनी आपसात मिटवलं, आणि मी लालबागच्या बरोबर चंद्रोदयाला, नऊ वाजून पाच मिनिटांनी जेवले.

श्रेयाने गॅलरीत जाऊन गाइडना फोन लावला. “सर, मिळालं.”

“कुठे?” सरांचा आवाज पुढच्या चार बिऱ्हाडांना ऐकू येण्यासारखा आहे.

“घरातच. आई.”

 मग सर म्हणाले, “कशालाही हात लावू नका. आईंना काही सांगितलंस?”

“नाही.”

“सांगायचं नाही. त्यांना कळलं की उदाहरण मेलं.”

दुसऱ्या दिवशी सर टॅक्सीने आले. सोबत विभागातल्या डॉ. जुई होत्या, त्यांचा विषय ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय. दोघांनी माझ्यादेखत इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. साडीचा पदर दोन्ही खांद्यांवर असला की इंग्रजी समजत नाही असं गृहीतक असावं. घड्याळाला चिकटपट्टी लावून ‘ज्ञा. मी. १’ असा क्रमांक देण्यात आला. कॅलेंडर ‘ज्ञा. मी. २’. मी तीन नंबरची, पण मला चिकटपट्टी लावायला डॉ. जुईंनी हरकत घेतली. यांना घड्याळाचे अभिरक्षक नेमलं. सेल बदलायचा तर विभागाची लेखी परवानगी घ्यायची होती.

“सर, एक इचारू काय,” हे म्हणाले. “बायको जेवली ती बरोबर की चूक?”

“असं म्हणता येईल की जेवल्या बरोबर. पण जाणून नाही.”

“म्हणजे परत जेवूक व्हयां?”

सरांनी हा प्रश्न वहीत टिपून घेतला.

डॉ. जुईंना मात्र चैन पडेना. गॅलरीत जाऊन त्या सरांना म्हणाल्या, “यतीन, आपण या बाईंना वस्तू समजतोय. त्या स्वतः जाणणाऱ्या आहेत. त्यांचा आवाज कोणीच ऐकत नाहीये.”

“ऐकला तर उदाहरण बिघडेल.”

“मग तो आपण का ऐकत नाही, यावर मी लिहिते.” त्यांनी खरंच लिहिलं. माझा आवाज न ऐकण्याबद्दल अठ्ठावीस पानं. चांगली झाली असं म्हणतात. लिहिताना त्यांना मला काही विचारावं लागलं नाही.

पण त्यामुळे विभागात मतभेद झाला, आणि मतभेदाचाही या शाखेत शास्त्रशुद्ध विधी आहे. दोन सारख्याच हुशार माणसांचं पटलं नाही, तर दोघांनीही आपापली खात्री थोडी कमी करायची. सरांनी कमी केली. मॅडमनी कमी केली. तरी पटेना, म्हणून अजून कमी केली. पंधरा दिवसांत सरांना वाटू लागलं की मॅडमचं बरोबर असावं आणि मॅडमना वाटू लागलं की सरांचं. तेव्हा पुन्हा मतभेद झाला, फक्त बाजू बदलून. श्रेया घरी येऊन म्हणाली, “आई, जानेवारी संपला.”

इतक्यात कोणाच्यातरी लक्षात आलं की जिवंत माणसावरचं संशोधन आहे, तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागेल. समितीचे अध्यक्ष प्रा. कोंडीराम, मूळचे प्राणिशास्त्राचे. त्यांनी आयुष्यभर उंदरांची प्रकरणं हाताळलेली. माझी फाइल आली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पिंजऱ्याचं माप?” श्रेयाने दहा बाय बारा सांगितलं. त्यांनी ते पुरेसं म्हणून नोंदवलं.

अडचण संमतीपत्राची होती. नियम सांगतो की व्यक्तीला सगळी माहिती देऊन मगच तिची सही घ्यावी. माहिती दिली तर घड्याळ आणि कॅलेंडर चुकीचं आहे हे मला कळणार, आणि उदाहरण मरणार. माहिती दिली नाही तर सही अवैध. समितीच्या तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत प्रा. कोंडीरामांनी तोडगा काढला. सगळी माहिती एका पाकिटात घालायची, पाकिटाला लाख लावायची, ते मला द्यायचं, आणि ते मी उघडणार नाही असं माझ्याकडून लिहून घ्यायचं. म्हणजे माहिती दिलीही आणि कळलीही नाही.

फॉर्म घेऊन ते स्वतः आले. कामात चोख माणूस.

“बाई, इथे सही करा. वाचून दाखवतो. ‘मला न कळवण्यात आलेली माहिती मला पूर्णपणे समजली असून तिला माझी हरकत नाही.’”

“बरं,” मी म्हटलं.

“काही शंका?”

“उंदरांकडून पण घेता का सही?”

“अजून नाही. पण पत्रव्यवहार चालू आहे.”

मी सही केली. पाकीट देवघरात गणपतीपुढे ठेवलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. मला न कळवण्यात आलेली माहिती मला खरोखर पूर्णपणे समजली होती.

फेब्रुवारीत संकष्टी आली. एकदा घडलं तर तो अपघात, किमान तीनदा घडायला हवं, असं सरांनी ज्याला लेख पाठवला होता त्या परदेशी नियतकालिकाने कळवलं होतं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या दिवशी आम्हाला सोडून विभागाची आणि समितीची नऊ माणसं होती. चंद्र खरोखर उगवतो का ते बघायला एक विद्यार्थिनी टॉवरच्या गच्चीवर पाठवली होती. त्यासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र घेतलं होतं. सोसायटीने ‘चंद्र बघणे, एक वेळ’ असं लिहून दिलं होतं.

घड्याळात नऊ-पन्नास झाले. कॅलेंडरातही तेच होते. आता मला सगळं माहीत होतं. घड्याळातले पंधरा वजा केले, कॅलेंडरातले पंधरा वजा केले, दोन्हीकडून नऊ-पस्तीस आले. उभ्या आयुष्यात इतक्या खात्रीने मी कधी उपास सोडला नसेल. अर्घ्य दिलं आणि जेवायला बसले. नऊजणांनी लिहून घेतलं, ‘अजाणता जेवल्या.’

तेवढ्यात गच्चीवरून फोन आला. सरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“सर, चंद्र दिसत नाहीये. धूळ आहे. सगळीकडे बांधकामं चालू आहेत ना.”

“पण उगवला आहे का?”

“ॲपमध्ये उगवलाय.”

“ॲप म्हणजे ऐकीव माहिती. तुला स्वतःला काय माहीत आहे?”

पलीकडून आवाज आला, “सर, मला भूक लागली आहे हे माहीत आहे.”

सर हादरले. चंद्र उगवल्याचा पुरावा नसेल तर माझी समजूत खरी होती असं म्हणता येणार नव्हतं, आणि समजूत खरी नसेल तर ती योगायोगाने खरी होती असंही म्हणता येणार नव्हतं. पुरावा मिळेपर्यंत कोणी काही खाऊ नये असं ठरलं. मी जेवण उरकून भांडी विसळली. मोदकांचं ताट मध्ये ठेवून नऊ विद्वान त्याच्याभोवती बसून राहिले. त्यातल्या एकाचाही उपास नव्हता. धुळीच्या वर चंद्र आला तेव्हा पावणेबारा झाले होते. गच्चीवरची मुलगी तोवर झोपली होती. चंद्र शेवटी यांनी टॉवरच्या कडेला दाखवला. सर गॅलरीत जाऊन हात जोडून उभे राहिले. श्रद्धेने नव्हे असं म्हणाले.

मार्चची संकष्टी निर्विघ्न पार पडली. पुन्हा मी जाणून जेवले, पुन्हा अजाणता म्हणून नोंद झाली. आता राहिलं होतं प्रबंधापूर्वीचं सादरीकरण. बाहेरगावचे परीक्षक येणार, ते हो म्हणाले की सर तिथल्या तिथे सही करणार. तारीख ठरली सव्वीस मार्च. आणि पंचवीसच्या संध्याकाळी श्रेया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“आई, परीक्षकांना तुला बघायचंय. काही नाही, एकच प्रश्न विचारतील. घड्याळ पुढे... म्हणजे, काहीतरी माहीत होतं का असं. तू आपलं नाही म्हण.”

“खरं असलं तर म्हणेन.”

ती माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षांनी पहिल्यांदा तिने मला नीट बघितलं असं वाटलं. मग म्हणाली, “उद्या लवकर निघू,” आणि बाहेर गेली.

मला झोप लागली नाही. मी खोटं बोलत नाही. व्रत म्हणून नाही, जमत नाही म्हणून. हो म्हटलं तर पोरीची सहा वर्षं गेली. नाही म्हटलं तर रोजची आवर्तनं कोणत्या तोंडाने करायची? पहाटे स्नान करून देवापुढे बसले, आणि हातात पाणी घेऊन संकल्प सोडला. सूर्योदय ते सूर्यास्त मौन. धर्मात अशी सोय आहे. विद्यापीठाच्या नियमांत नाही, पण ते धर्माला धरून चालत नसावेत.

सभागृहात पंचवीसेक माणसं होती. श्रेया छान बोलली.  मग परीक्षक म्हणाले, “बाईंना पुढे आणा.” मला पुढे नेलं.

“बाई, तुमच्या घरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे आणि कॅलेंडर जामनगरचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?”

मी ओठांवर बोट ठेवलं आणि नमस्कार केला.

“काय झालं?”

“सर, त्यांचं मौनव्रत आहे,” तळपदे सर म्हणाले. घामाघूम झाले होते. “असं म्हणता येईल की आपण दुसऱ्या दिवशी...”

“गरज नाही,” परीक्षक म्हणाले. “उत्तर मिळालं. यांना माहीत असतं तर त्या बोलल्या असत्या. माहीत असून गप्प बसलेलं माणूस मी आपल्या क्षेत्रात चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉ. जुईंनी ते वाक्य लिहून घेतलं. सरांनी पेन काढलं, टोपण पडलं, ते प्रा. कोंडीरामांनी उचलून दिलं, आणि दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सही झाली. कोणाच्या घड्याळाने ते विचारू नका.

घरी येताना श्रेयाने माझा हात धरला होता. “आई, तुला माहीत होतं ना?” तिने विचारलं. सूर्यास्ताला वेळ होता, मी फक्त चालत राहिले. सूर्यास्त झाल्यावर तिने पुन्हा विचारलं नाही. इतकं शिकली ते वाया गेलेलं नाही. दोनच दिवसांत तिने ‘ज्ञा. मी. १’ची चिकटपट्टी काढली, पण यांनी घड्याळ मागे करू दिलं नाही.

मला समितीकडून दाखला आला आहे. तीन प्रतींत, गोल शिक्क्यासह. ‘प्रमाणित करण्यात येते की श्रीमती कमल यांना सदर बाबतीत काहीही माहीत नव्हते व यापुढे त्यांनी त्याविषयी काही सांगितल्यास ते ज्ञान म्हणून ग्राह्य धरू नये.’ तो प्रबंधाला जोडला आहे, परिशिष्ट ड म्हणून.

आता थोडं तुमच्याबद्दल. जामनगरला चंद्र लालबागपेक्षा पंधरा मिनिटं उशिरा उगवतो असं मी तुम्हाला सांगितलं. तुमच्यापैकी कोणी उठून बघितलं नाही. टॉवर आहे म्हणालात, धूळ आहे म्हणालात, मोबाइल शेजारीच पडलाय तरी हात पुढे गेला नाही. सरांना हसलात, परीक्षकांना हसलात, आणि माझा शब्दन्‌शब्द खरा धरून इथपर्यंत आलात. मी तर गोल शिक्क्यानिशी अडाणी आहे. तरी मघापासून चेहऱ्यावर असा भाव आहे की आपल्याला सगळं कळलं.

परिशिष्ट डमध्ये तुमच्याही दाखल्याला जागा आहे. संपूर्ण नाव, शिक्षण आणि हुद्दा सुवाच्य अक्षरात पाठवावा. सही करताना वाचायची आवश्यकता नाही.